अर्ध्यावर थांबलेलं बोट

कॅमेऱ्याचं बटण आपण एका झटक्यात दाबतो, असं आपल्याला वाटतं. फोनचं सोडा, पण चांगला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा हाती आला तर त्याचं बटण जरा सावकाश दाबून पाहा. बोट निम्म्यावर गेलं की हलकीशी अडखळ लागते. तिथंच थांबलात तर लेन्स जरा कुरकुरते, आत-बाहेर होते, समोरचं धूसर चित्र स्वच्छ होतं आणि चौकटीत एक ठिपका उजळतो. मग बोट पुरतं खाली गेलं की शटर पडतं. पहिल्या टप्प्यात कॅमेरा पाहतो, दुसऱ्यात टिपतो.

मी शास्त्राचा विद्यार्थी नव्हे. बी.ए. झालो, कविता करत आलो. तरीही या अर्ध्या दाबाचं मला फार कौतुक वाटतं. दुरून, बिनतारी लहरींनी कॅमेऱ्याचा खटका उडवायचा या खटपटीचा इतिहास वाचताना लक्षात आलं की माणसाचा हात कॅमेऱ्यापासून दूर नेणं फार आधीच जमलं होतं. नजर दूर नेणं मात्र अवघड होतं, आणि ते पुरतं साधायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

हाताची गोष्ट आधी सांगतो. जुन्या स्टुडिओत लाकडी कॅमेऱ्याला रबरी नळी असे आणि तिच्या टोकाला रबरी गोळा. छायाचित्रकार "हलू नका" म्हणत गोळा दाबायचा, नळीतली हवा शटर उघडायची. पुढे तार आली. १८७८ मध्ये अमेरिकेत पालो आल्टो इथं एडवर्ड मायब्रिजनं धावपट्टीलगत कॅमेऱ्यांची रांग मांडली आणि धावपट्टीवर आडवे दोरे ताणले. घोडा धावत गेला, त्याच्या पायांनी दोरे तुटत गेले आणि एकामागून एक शटरं पडत गेली. धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे त्या छायाचित्रांनी डोळ्यांना दाखवलं. बटण दाबलं होतं घोड्यानंच!

आपल्याकडे हीच युक्ती एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं वाघासाठी वापरली. संयुक्त प्रांतातल्या जंगलात, १९२० च्या दशकात. वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आडवी तार, बाजूला कॅमेरा आणि लखकन पेटणारी मॅग्नेशियमची भुकटी. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की उजेड आणि शटर बरोबरच. 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे त्यांचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. त्यांची छायाचित्रं पाहून जिम कॉर्बेट यांच्यासारख्या शिकाऱ्याला कॅमेऱ्याची ओढ लागली. वाघाला गोळी न घालता घरी आणता येतं हे या देशाला ज्यांनी दाखवलं, त्यांत चॅम्पियन यांचं नाव फार वर घ्यावं लागेल.

आता एक साधा प्रश्न. रात्रीच्या अंधारात, कॅमेऱ्यामागे कुणी नसताना, लेन्स नेमकी वाघावर कशी रोखली जायची? उत्तर असं की ती वाघावर रोखलेलीच नसे. ती रोखलेली असे वाटेवर. जनावर कुठे येणार ती जागा आधीच हेरलेली. तेवढ्या अंतरावर लेन्स जुळवून ठेवायची. वाघ चार हात अलीकडे थबकला असता तर चित्र धूसर. नजर माणसाची होती, पण ती दिवसाउजेडी कॅमेऱ्यात ठेवून माणूस घरी गेला होता.

तारेची जागा बिनतारी लहरींनी घेण्याची तयारी त्याआधीच झाली होती. रेडिओ म्हटलं की आपल्याला बातम्या आणि गाणी आठवतात. पण या लहरींनी आरंभी केलेलं काम दूरचा खटका दाबण्याचंच होतं. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये या अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीच्या दारूला ठिणगी लावली. १८९८ मध्ये निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्यातली छोटी नाव याच पद्धतीनं चालवली. घंटा वाजते, नाव वळते, तर शटर का पडू नये?

पडत होतं, पण फिल्मच्या जमान्यात एकदाच. फिल्म पुढे सरकवायला माणूस लागे. १९५९ मध्ये निकॉन एफ हा कॅमेरा आला, त्याला मोटर जोडता येई. एक चित्र झालं की फिल्म आपोआप पुढे. मग दूरवर कॅमेरा टांगून ठेवण्यात अर्थ आला. १४ नोव्हेंबर १९६६ चं एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये मुहम्मद अली आणि क्लीव्हलँड विल्यम्स यांची लढत. चित्र थेट छतावरून टिपलेलं. पांढऱ्या चौकोनात विल्यम्स हात पसरून उताणा पडलेला आणि अली हात उंचावून दूर चाललेला. छायाचित्रकार नील लायफर त्या वेळी खाली, रिंगणाच्या कडेला होता. नीट पाहिलं तर तो त्या चित्रातच सापडतो! आपणच काढत असलेल्या चित्रात आपण दुसऱ्याच कामात गुंतलेले दिसावं, हे भाग्य कुठल्या कवीला लाभलं आहे?

तिथंही लेन्स आधीच जुळवून ठेवलेली होती. छत हलत नाही, रिंगण हलत नाही; अंतर ठरलेलं. म्हणून एकच हुकूम पुरे होता: टिप.

मग कॅमेरा स्वतः पाहू लागला. १९७७ मध्ये कोनिकाचा छोटा सी-३५ एएफ हा आपोआप फोकस करणारा कॅमेरा बाजारात आला. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला. त्याच्या अंगातच फोकसची मोटर होती आणि लेन्सही बदलता येत होत्या. अर्ध्या दाबाचं राज्य इथून पसरलं. बिनतारी खटक्याचा धंदा मात्र पेचात पडला, कारण आता कॅमेऱ्याला दोन हुकूम ऐकायची सवय लागली होती.

हा पेच समजायला सोपा आहे. अशा कॅमेऱ्यात दूरनियंत्रणाची तार खुपसायला जे छिद्र असतं, त्यात बहुधा तीन जोड कामाचे असतात. एक सामाईक. दुसरा सामाईकाला भिडवला की फोकस जागा होतो. तिसरा भिडवला की शटर पडतं. साध्या बिनतारी संचात एकच खटका असेल तर तो तिसऱ्यालाच हात घालतो. झोपलेल्या माणसाला हलवून न उठवता एकदम प्रश्न विचारावा, तसं होतं. कॅमेरा दचकून उशिरा उत्तर देतो, काही वेळा देतही नाही. शिवाय आणखी एक हट्ट असतो: एका स्थिर वस्तूवर फोकस धरायच्या पद्धतीत, फोकस जमल्याशिवाय शटर पाडायचंच नाही, असं त्याला बहुधा शिकवलेलं असतं. तुम्ही शंभर मीटरवरून बटण दाबता, आणि तो मख्ख.

वेळेचा हिशोबही पाहा. रेडिओ लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. शंभर मीटरला तिला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा तिसरा हिस्सा पुरतो. उशीर लहरीचा नसतोच. उशीर असतो आरसा वर उचलण्याचा, आणि त्याहून जास्त लेन्सनं अंतर शोधण्याचा. त्याला सेकंदाचा दहावा हिस्सा जरी लागला, तरी अव्वल धावपटू तेवढ्यात मीटरभर पुढे गेलेला असतो.

म्हणून दोन टप्प्यांचे बिनतारी संच निघाले. हातातल्या ट्रान्समीटरचं बटण अर्धं दाबलं की एक संदेश जातो, रिसीव्हर फोकसचा जोड भिडवतो. पुरतं दाबलं की दुसरा. युक्ती देखणी आहे, पण तिच्यात एक खोट राहिली. दूर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही की कॅमेऱ्यानं पाहिलं ते काय! पक्षी समजून त्यानं मागची फांदी धरली असेल, गोलरक्षकाऐवजी जाळं. जुने जाणते छायाचित्रकार म्हणून गोलखांबामागे कॅमेरा ठेवताना ऑटोफोकस सरळ बंदच करतात. गोलरेषेवर हातानं अंतर जुळवतात आणि लेन्सचं कडं चिकटपट्टीनं बांधून टाकतात. इतकं शहाणं यंत्र आणि त्याच्या डोळ्यावर पट्टी! माझ्या मते मात्र त्यांचंच बरोबर आहे. कुणी मधला मार्ग काढतात: फोकस शटरच्या बटणावरून काढून पाठीमागच्या वेगळ्या बटणावर देतात, निघण्यापूर्वी एकदा तो पक्का करतात आणि रेडिओकडे फक्त टिपण्याचं काम ठेवतात.

मैदानावर दुसरीही एक अडचण असते. दोघांचे संच एकाच चॅनलवर असले तर एकाच्या बटणानं दुसऱ्याचा कॅमेरा उडतो. म्हणून मोठ्या सामन्यांआधी छायाचित्रकार चॅनल वाटून घेतात.

वाघांच्या मोजणीत या पेचाला बगल दिलेली आहे. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत २६,८३८ जागी कॅमेरे लावले होते. त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रं टिपली आणि त्यांतली ७६,६५१ वाघांची होती. जनावराच्या अंगाची ऊब आणि हालचाल ओळखून हे कॅमेरे आपोआप टिपतात. फोकस सहसा कायमचा ठरलेला. पट्टे मोजता आले की काम झालं, तिथं एवढं पुरतं.

खरा उलगडा झाला तो दूरच्या माणसाला चित्र दिसू लागल्यावर. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वृत्तसंस्थांनी उंचावर यांत्रिक कॅमेरे बसवले. खाली बसलेला छायाचित्रकार पडद्यावर पाहत ते वळवायचा, फोकस करायचा आणि मगच टिपायचा. आता तर वायफायवर फोनच्या पडद्यातही चित्र दिसतं, बोट ठेवाल तिथं फोकस होतो. आणि नव्या कॅमेऱ्यांना माणसाचाच काय, पक्ष्याचाही डोळा चौकटीत ओळखता येतो.

तरीही हातात मावणारे साधे बिनतारी संच विकले जातात, आणि त्यांचं बटण अजून दोन टप्प्यांचंच असतं. काहींत अर्ध्या दाबाला हिरवा दिवा लागतो आणि पुरत्या दाबाला लाल. रस्त्यावरच्या सिग्नलच्या अगदी उलट: इथं हिरव्यावर थांबायचं असतं.