नियंत्रित लाटण व सूक्ष्ममिश्रित पोलाद

कमी कार्बनाच्या पोलादात निओबियम, व्हॅनेडियम किंवा टिटॅनियम अत्यल्प (बहुधा ०.१५ टक्क्याच्या आत) मिसळून, आणि लाटणाचे तापमान व प्रत्येक पासमधील जाडीची घट आखून देऊन, अतिशय बारीक कणरचना मिळविण्याची पद्धत.

तत्त्व : पोलादाचे बल वाढविणाऱ्या बहुतेक उपायांनी चिवटपणा घटतो, कण बारीक केल्यास दोन्ही वाढतात. हॉल (१९५१) व पेच (१९५३) यांच्या संबंधानुसार बलातील भर कणव्यासाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. फेराइटाचा कण २० मायक्रोमीटरवरून ५ वर आणल्यास सु. १२० मेगापास्कलची भर पडते.

प्रक्रिया : स्लॅब प्रथम ११५० ते १२५० अंश से. पर्यंत तापवितात. निओबियमाचे कार्बोनायट्राइड येथे ऑस्टेनाइटात विरघळले पाहिजे. न विरघळलेले निओबियम पुढच्या कामाला जवळजवळ निरुपयोगी. अर्विन, पिकरिंग व ग्लॅडमन यांच्या १९६७ च्या सूत्राने हिशेब केल्यास, ०.०४ टक्के निओबियम व ०.०८ टक्के कार्बन असलेल्या पोलादास सु. ११६० अंश पुरतात, कार्बन ०.१५ टक्के असल्यास १२४० लागतात. कार्बन कमी ठेवण्याचे हे एक कारण. वेल्डिंग हे दुसरे, आणि ग्राहकाला तेवढेच ठाऊक असते. तापमान फार चढविल्यास ऑस्टेनाइटाचे कण फुगतात. ०.०१ ते ०.०२ टक्के टिटॅनियम त्याला आळा घालते, कारण त्याचे नायट्राइड या तापमानालाही विरघळत नाही. टिटॅनियम जास्त झाल्यास मात्र नायट्राइडाचे भरड स्फटिक बनून चिवटपणा बिघडतो.

सु. १००० अंशांच्या वरील पासांत ऑस्टेनाइटाचे पुनःपुन्हा पुनर्स्फटिकीकरण होऊन कण लहान होतात. नंतर प्लेट टेबलावर थांबवून निववितात. उत्पादन घटते म्हणून मिलमध्ये ही थांबणूक नावडती. रचना बिघडते ती बहुधा येथे घाई केल्याने. सु. ९५० अंशांखाली निओबियम पुनर्स्फटिकीकरण रोखते. ते विद्राव्य अणूंच्या ओढीने, की विरूपणामुळे पडणाऱ्या सूक्ष्म अवक्षेपांनी, याबाबत मतभेद आहेत. अवक्षेपांचा वाटा मोठा मानण्याकडे कल दिसतो. पुढच्या प्रत्येक पासने कण पोळीसारखे चपटे होत जातात व त्यांच्यात विरूपणपट्टे उमटतात. कणसीमा आणि हे पट्टे मिळून फेराइटाला उगवायला असंख्य जागा मिळतात. या टप्प्यातील एकूण घट निर्णायक असते. शेवटच्या पासचे तापमान अचूक साधूनही घट तोकडी पडली तर कण मिश्र आकारांचे राहतात. लाटणानंतर पाण्याने जलद थंड केल्यास कण आणखी बारीक होतात व पर्लाइटाऐवजी बेनाइट मिळू शकते. जपानमधील फुकुयामा येथे प्लेटसाठी ही सोय १९८० मध्ये सुरू झाली.

व्हॅनेडियम : मुख्यतः थंड होताना फेराइटात अवक्षेपित होऊन बल वाढविते.

इतिहास : वेल्ड केलेल्या जहाजांच्या ठिसूळ भंगांनंतर यूरोपातील काही गिरण्यांनी कमी तापमानाला लाटण संपविण्यास सुरुवात केली. १९५८ मध्ये अमेरिकेतील ग्रेट लेक्स स्टीलने निओबियमयुक्त पोलाद बाजारात आणले. साध्या लाटणाने त्याचे बल वाढले, पण चिवटपणा खालावला. निओबियम व कमी तापमानाचे लाटण यांची सांगड पडल्यावरच पद्धत पूर्ण झाली. ब्राझीलमधील आराशा येथील पायरोक्लोर साठ्यांमुळे निओबियमाचा पुरवठा निर्धोक झाला.

उपयोग : तेल व वायू यांच्या नळवाहिन्या (एक्स-७० प्रतीचे किमान पराभव बल सु. ४८५ मेगापास्कल), पूल, जहाजे, ट्रकच्या चौकटी.

भारत : आयएस २०६२ या मानकात सूक्ष्ममिश्रणाची तरतूद आहे. जालना येथील उद्योगाची ओळख बनलेल्या टीएमटी सळया या पद्धतीत मोडत नाहीत. त्यांत शेवटच्या स्टँडनंतर पाण्याने पृष्ठभाग कठीण करतात आणि गाभ्याच्या उष्णतेने त्याचे पायन होते. ऑस्टेनाइटाच्या कणांवर नियंत्रण ठेवण्याची गरज तेथे पडत नाही.