रणगाड्यामागचा टेलिफोन

युद्धाचा इतिहास लिहिणारे सेनापतींच्या योजनांविषयी आणि शस्त्रांच्या सामर्थ्याविषयी भरभरून लिहितात. परंतु ती योजना अखेर ज्याच्या जिवावर पार पडायची, त्या आघाडीवरच्या शिपायाला शेजारच्या तुकडीशी दोन शब्द बोलता येत होते की नव्हते, याची चौकशी ते क्वचितच करतात. ही चौकशी केली तर पुष्कळ पराभवांचा, आणि काही महागात पडलेल्या विजयांचाही, उलगडा होतो.

पहिल्या महायुद्धात हा शिपाई जवळजवळ मुका होता. टेलिफोनच्या तारा गोळामारीत तुटत, आणि निरोप घेऊन धावणारा जासूद वाटेतच पडे. ऑक्टोबर १९१८ मध्ये फ्रान्समधील आर्गोनच्या अरण्यात मेजर चार्ल्स व्हिट्लसी यांच्या हाताखालचे सुमारे ५५० अमेरिकन सैनिक जर्मनांच्या वेढ्यात सापडले. त्यातच त्यांच्यावर गोळे पडू लागले ते स्वतःच्याच तोफखान्याचे. हा मारा थांबवा, एवढे सांगण्यासाठी त्यांच्यापाशी उरले होते एक कबुतर. त्याच्या पायाला चिठ्ठी बांधून ते सोडावे लागले.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत कबुतराची जागा बिनतारी यंत्राने घेतली. शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने (पुढे ती मोटोरोला या नावाने प्रसिद्धीस आली) अमेरिकन पायदळासाठी दोन संच तयार केले. एक हातात धरण्याचा, सव्वादोन किलोंचा, एससीआर-५३६. त्याचा आवाज मैलभर पोहोचला तर नशीब. दुसरा पाठीवर वाहण्याचा, सुमारे १५ ते १७ किलोंचा, एससीआर-३००. याचा पल्ला तीन मैलांच्या आसपास होता. ‘वॉकी-टॉकी’ हे नाव मूळचे या पाठीवरच्या संचाचे. या दुसऱ्या संचात एडविन आर्मस्ट्राँग यांनी शोधलेली एफएम पद्धती वापरली होती. आपण आज ज्या एफएम केंद्रांवर गाणी ऐकतो, तीच ही पद्धती. युद्धकाळात आर्मस्ट्राँग यांनी आपले एफएमचे हक्क सैन्याला मोबदला न घेता वापरू दिले. एरवी मोठमोठ्या कंपन्यांशी कोर्टकचेऱ्या करण्यात ज्याचे आयुष्य झिजले, त्या माणसाचे हे औदार्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रणगाड्यांतही एफएम संचच होते. रणगाड्याच्या इंजिनातून निघणाऱ्या विद्युत् ठिणग्यांनी जुन्या पद्धतीच्या यंत्रात असा खरखराट माजे की माणसाचे शब्द बुडून जात. एफएममध्ये ते स्पष्ट उमटत. म्हणजे यंत्रे उत्तम होती आणि मुबलकही होती. मग अडले कोठे?

अडले ते कंपनसंख्येच्या वाटपात. रणगाड्यांना २० ते २७.९ मेगाहर्ट्झ, तोफखान्याला २७ ते ३८.९ आणि पायदळाच्या पाठीवरच्या संचाला ४० ते ४८, अशी वाटणी करण्यात आली होती. हातातला छोटा संच तर जुन्या पद्धतीचा, आणि ३.५ ते ६ मेगाहर्ट्झवर चालणारा. ही वाटणी मूर्खपणाची होती असे मला वाटत नाही. एका डिव्हिजनमध्ये शेकडो यंत्रे एकाच वेळी बोलू लागली तर बाजारातल्या कोलाहलासारखी गत होईल, म्हणून प्रत्येक दलाला स्वतंत्र आळी नेमून दिली होती. कागदावर ती व्यवस्था निर्दोष होती. मात्र तिच्यामागे एक गृहीत दडले होते: बोलायचे ते आपल्याच दलातल्या माणसाशी, आणि दुसऱ्या दलाला काही सांगायचे असेल तर ते वरच्या ठाण्यामार्फत.

जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले आणि पुढल्या काही आठवड्यांत हे गृहीत उघडे पडले. त्या मुलखात शेते लहान लहान, आणि प्रत्येक शेताभोवती शतकानुशतके वाढलेले मातीचे उंच बांध, त्यांवर झाडाझुडपांची दाट कुंपणे. कोकणातले गडगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याची थोडी कल्पना येईल. पण गडगा दगडाचा, हा मुळांनी आवळून धरलेल्या मातीचा, आणि कित्येक ठिकाणी माणसाच्या उंचीहून मोठा. प्रत्येक बांधाआड जर्मन मशीनगन. एकट्या पायदळाला ती मोडता येईना. रणगाडा मोडू शके, पण त्याला ती दिसेना. झाकण लावून बसलेल्या रणगाड्याच्या नायकाला बाहेरचे जग एका अरुंद आरशातून जेवढे दिसेल तेवढेच. ज्याला दिसत होते तो दहा पावलांवर पालथा पडलेला होता, त्याच्या पाठीवर उत्तम बिनतारी यंत्र होते, रणगाड्यातही उत्तम यंत्र होते, आणि दोघांना एकमेकांचा शब्द ऐकू येत नव्हता! ‘डाव्या कोपऱ्यात तोफ आहे’ एवढे सांगण्यासाठी शिपायाला गोळ्यांच्या वर्षावात रणगाड्यावर चढून झाकण ठोठवावे लागे.

यावर तोडगा निघाला तो रणांगणातच. दारूगोळ्याची एक रिकामी पेटी रणगाड्याच्या पाठीमागे बसवायची, तिच्यात साधा फील्ड टेलिफोन ठेवायचा, आणि त्याची तार आतल्या माणसांच्या परस्परांशी बोलण्याच्या यंत्रणेला जोडायची. मागून येणाऱ्या शिपायाने पेटी उघडून रिसीव्हर कानाला लावला की तो थेट आतल्या नायकाशी बोलू शके. बिनतारी विद्येची एवढी प्रगती झाल्यावर अखेर उपयोगी पडली ती चार हात तार! हा उपाय सुरक्षित नव्हता. बोलणाऱ्याला उभे राहावे लागे, आणि रणगाडा एकाएकी मागे सरला तर त्याच्या पट्ट्याखाली येण्याचे भय असे. तरी ठोठावण्यापेक्षा तो बरा. पायदळाच्या संचाला अनुरूप असे यंत्र पुढे रणगाड्यांसाठी तयार झाले, पण ते पुरेशा संख्येने येईपर्यंत नॉर्मंडीतली लढाई आटोपली होती.

विमानांच्या बाबतीतही हीच तऱ्हा होती, आणि तिचे मोल अधिक भयंकर. २५ जुलै १९४४ रोजी सेंट-लो जवळची जर्मन फळी फोडण्यासाठी प्रचंड बॉम्बवर्षाव करण्यात आला. त्यातले काही बॉम्ब अलीकडे पडून १११ अमेरिकन सैनिक मरण पावले. लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅकनेअर हे त्यांतलेच एक. खालच्या सैन्यापाशी वरच्या विमानांशी बोलण्याचे साधन नव्हते. खुणेसाठी सोडलेला धूर वाऱ्यावर वाहत गेला, आणि ‘थांबा’ म्हणण्याची सोय कोणापाशीच नव्हती. याच मोहिमेत जनरल एल्वूड केसाडा यांनी जनरल ब्रॅडली यांच्या संमतीने केलेली योजना मात्र कमालीची यशस्वी झाली. आघाडीच्या रणगाड्यांत त्यांनी लढाऊ विमानातला बिनतारी संच बसवला, आणि तो चालवायला वैमानिकच बसवला. वर घिरट्या घालणाऱ्या वैमानिकाला आता खालून त्याच्याच पेशातला माणूस, त्याच्याच परिभाषेत, लक्ष्य सांगू लागला. नुसते यंत्र जुळून भागत नाही, भाषाही जुळावी लागते, हे केसाडांनी ओळखले होते. जुलै संपता संपता अमेरिकन रणगाडे आव्हरांशला पोहोचले.

युद्धानंतर सुधारणा झाली, पण दबकत. १९५० नंतर आलेल्या पाठीवरच्या संचांची तीन भावंडे होती: रणगाडादळासाठी पीआरसी-८, तोफखान्यासाठी ९, पायदळासाठी १०. आळ्या कायम राहिल्या; फक्त शेजारच्या आळीत डोकावता यावे इतपत त्यांच्या सीमा परस्परांत मिसळल्या. १९६० नंतरच्या दशकात पीआरसी-२५ आला आणि ३० ते ७५.९५ मेगाहर्ट्झपर्यंतचे ९२० मार्ग एकाच पेटीत सामावले. तिन्ही दलांची आळी अखेर एक झाली. हे भूदलापुरते. ऑक्टोबर १९८३ मध्ये ग्रेनाडा बेटावर उतरलेल्या अमेरिकन भूदलाला समोरच उभ्या असलेल्या आपल्या युद्धनौकांशी धड बोलता येईना, आणि तोच अनुभव १९८६ साली सेनादलांची रचना बदलणारा कायदा होण्यास एक कारण ठरला.

नॉर्मंडीतला तो टेलिफोन पुढच्या कित्येक रणगाड्यांच्या पाठीवर कारखान्यातूनच बसून येऊ लागला. १९८० च्या सुमारास आलेल्या एम-१ एब्रॅम्स या अमेरिकन रणगाड्यावरून तो काढून टाकण्यात आला. २००३ नंतर इराकच्या शहरांत गल्लोगल्ली लढण्याची पाळी आली, तेव्हा या रणगाड्यासाठी जो सुधारणासंच तयार करण्यात आला, त्यात जादा चिलखताबरोबर पाठीमागचा टेलिफोनही पुन्हा बसवलेला होता.