जुन्या गाडीचा डॅशबोर्ड आणि क्रोम घरी रंगवता येतो का? स्प्रे हातात घेण्यापूर्वी हे वाचा

डहाणू रोड स्टेशनवरून चारोटीच्या दिशेने निघालात की वाटेत आशागड लागते. या भागात किंवा तिकडे घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांत एखाद्या शेडखाली जुनी फियाट झाकून ठेवलेली दिसली, तर कुणाला नवल वाटत नाही. इंजिन अजून ठीक असते, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असतो. पण दार उघडले की डॅशबोर्ड चिकट आणि पांढुरका झालेला दिसतो, आणि मीटरभोवतीच्या चंदेरी पट्टीचे पापुद्रे निघालेले असतात. मग मालक मोबाइलवर "पाच मिनिटांत क्रोम" दाखवणारे रील बघतो आणि स्प्रेचा डबा मागवतो.

रीलमध्ये पहिला दिवस दिसतो. सहा महिन्यांनंतरचा डॅशबोर्ड कुणी दाखवत नाही.

ही गाडी आपल्याकडचीच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनू लागली आणि 1974 मध्ये तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे नवे पार्ट आता बनत नाहीत. थिनरच्या एका फडक्याने बिघडलेली डॅशबोर्डची पट्टी परत मिळवायची तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची जुन्या पार्टची दुकाने नाहीतर चोर बाजार धुंडाळावा लागतो, आणि तिथेही ती मिळेलच असे नाही.

आधी ओळखा, हे आहे तरी काय

जुन्या गाड्यांच्या आत रंगवलेला पत्रा बराच असे. 1983 ची मारुती 800, 1984 ची कॉन्टेसा, 1985 ची प्रीमियर 118 एनई अशा गाड्या आल्या तसे आतले प्लास्टिक वाढत गेले. पत्र्याला नेहमीचा गाडीचा रंग चालतो. प्लास्टिकला चालेलच असे नाही.

पार्ट खोलून मागची बाजू बघा. एबीएस किंवा पीपी अशी खूण कोरलेली असेल तर प्रश्न मिटला. खूण नसेल तर पार्टचा तुटका तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर बहुधा पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर एबीएस असण्याची शक्यता जास्त. एबीएसवर प्लास्टिक प्रायमर चांगला बसतो. पीपीचा पृष्ठभाग मात्र मेणासारखा असतो, त्यावर कोणताही रंग धरत नाही. त्यासाठी आधी 'अ‍ॅढेजन प्रमोटर' नावाचा पारदर्शक थर मारावा लागतो. तो विसरलात तर रंग महिनाभर छान दिसेल आणि मग नखाने सोलून निघेल.

तिसरा प्रकार म्हणजे फोमवर चढवलेली पीव्हीसीची मऊ कातडी. जुनी झाली की तिच्यातले मऊपणा देणारे तेलकट द्रव्य वर येते, म्हणून ती चिकट लागते. तिच्यावर साधा कडक रंग मारला तर तडे जातात. तिथे व्हिनाइलसाठीचा लवचीक रंगच हवा. तडे आधीच खोल गेले असतील तर मात्र रंगाच्या मागे लागू नका, सीट कव्हरवाल्याकडून नवे रेक्झिन चढवून घ्या. स्वस्त पडते आणि टिकते.

क्रोम दिसते ते सगळे क्रोम नसते

इथे सर्वांत जास्त फसगत होते. बंपरचे क्रोम म्हणजे पोलादावर विजेच्या साहाय्याने चढवलेले थर. आत निकेल, कधी त्याखाली तांबे, आणि सर्वांत वर क्रोमियम. हा वरचा थर मायक्रॉनच्याही अंशाइतका पातळ असतो. त्याला सूक्ष्म छिद्रे असतात, समुद्रावरच्या वाऱ्यातले मीठ आणि ओल तिथून आत शिरते आणि खालचे पोलाद गंजते. डहाणूच्या किनारपट्टीवर बंपरला तपकिरी ठिपके लवकर का येतात, त्याचे हे उत्तर. जुन्या गाड्यांची दाराची हँडले अनेकदा जस्ताच्या ओतीव धातूची असतात. त्यांना लोहचुंबक चिकटत नाही, आणि ती गंजण्याऐवजी फोडांसारखी फुगतात.

गाडीच्या आतल्या चंदेरी कडा आणि बटणे मात्र बहुधा प्लास्टिकची असतात. त्यातही दोन जाती. एकीत एबीएसवर खऱ्या धातूचा थर असतो. तो सुटला की पत्र्याच्या पातरीसारखा उठतो आणि बोट कापतो. दुसरीत अ‍ॅल्युमिनियमची अतिशय पातळ वाफ बसवून वर लॅकर मारलेले असते. ती नुसत्या नखाने खरवडली जाते, म्हणून तिला पॉलिश लावूच नका.

बंपरवरचे ठिपके वरवरचे असतील तर रंगाची गरजच नाही. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात भिजवा आणि हलक्या हाताने घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत, गंज तेवढा निघतो. नंतर कोरडे पुसून वॅक्स लावा, आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा एकदा. काथ्या किंवा भांड्यांची तारेची घासणी मात्र त्याच्या जवळपासही नेऊ नका.

क्रोम पूर्ण गेले असेल तर उपाय एकच, पुन्हा प्लेटिंग. ते घरी करण्याचे काम नाही. पारंपरिक क्रोम प्लेटिंगच्या द्रावणात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असते, ते कर्करोगकारक आहे आणि सांडपाण्यातून जमिनीत उतरते. डहाणू तालुका 20 जून 1991 च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला आणि इथल्या कारखान्यांवर बंधने आली. त्यामुळे बंपर गाडीत टाकून तालुक्याबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत न्यायची तयारी ठेवा. देताना पार्टचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि पॉलिश करताना कोरलेली अक्षरे व धारदार कडा घासून टाकू नका असे स्पष्ट सांगा. ही तक्रार नेहमीची आहे.

मग "क्रोम स्प्रे" कुठे वापरायचा? खरे सांगायचे तर फार कमी ठिकाणी. त्या डब्यात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. आरशासारखी चमक हवी तर खाली चकचकीत काळा थर, तोही पूर्ण वाळलेला आणि एकही ओरखडा नसलेला, असावा लागतो. वर संरक्षणासाठी लॅकर मारले की कण हलतात आणि क्रोमचा साधा करडा चांदी रंग होतो. लॅकर न मारता ठेवले तर बोट लागताच काळे पडते. म्हणून हात लागणाऱ्या बटणांना तो नको. मीटरभोवतीच्या बारीक रेघेसाठी क्रोम शाईचा मार्कर किंवा चिकटणारी पातळ क्रोम पट्टी जास्त चांगली दिसते.

रंगकाम

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्रत्येक पायरीचा फोटो घ्या, स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत नाव लिहून ठेवा. पार्ट गाडीतच ठेवून मास्किंग टेप लावून रंगवण्याचा मोह होतो. रंगाची धूळ काचेवर आणि मीटरमध्ये जाते, तेव्हा तो टाळा.

सगळ्यात जास्त वेळ धुण्याला द्या. वर्षानुवर्षे मारलेल्या डॅशबोर्ड पॉलिशमध्ये सिलिकॉन असते, आणि ते राहिले तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर वेळी फडके नवे. एनसी थिनर, अ‍ॅसिटोन किंवा पेट्रोल नको. थिनर आणि अ‍ॅसिटोनने एबीएस विरघळते, आणि एकदा वितळलेली नक्षी परत येत नाही.

नंतर 600 चा वॉटर पेपर पाण्यासोबत, फक्त चमक जाईपर्यंत. डॅशबोर्डवर चामड्यासारखी नक्षी असेल तर पेपरऐवजी करडा घासणी पॅड वापरा, नाहीतर नक्षी सपाट होईल. प्लास्टिक प्रायमरचे दोन पातळ हात, डबा 20 ते 25 सेंटिमीटर लांब धरून. मग रंगाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येकामध्ये दहा-पंधरा मिनिटे. जाड हात मारून वेळ वाचत नाही, ओघळ घासून काढण्यात दुपार जाते.

रंग मॅट किंवा सॅटिनच घ्या. डॅशबोर्डचा वरचा भाग चकचकीत केला तर दुपारी त्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडते आणि समोरचे नीट दिसत नाही. तलासरीजवळच्या राष्ट्रीय महामार्गावर ट्रकच्या मागे असताना हे धोक्याचे आहे. फिका रंगही याच कारणाने टाळावा.

हवामान इथे खरे मालक. पावसाळ्यात रंगवू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर बसते आणि लॅकर दुधासारखे पांढरे पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळचे दव उडाल्यावर अकराच्या पुढे, हा काळ चांगला. काम मोकळ्या हवेत करा आणि साध्या कापडी मास्कऐवजी वाफ अडवणारा कार्ट्रिज मास्क लावा. हार्डनर मिसळायचा पीयू रंग घरी अजिबात नको. त्यातल्या आयसोसायनेटने दमा होऊ शकतो, ते काम बूथ असलेल्या पेंटरकडे द्या.

जुनी गाडी असेल तर एक हिशेब

50 वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातल्या आणि व्यापारी वापरात नसलेल्या वाहनांना 2021 च्या नियमांनुसार 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. तिचे शुल्क 20,000 रुपये आहे. आतल्या पट्टीच्या रंगाची आरसीवर नोंद लागत नाही, पण जाणकार खरेदीदार मूळ पार्ट विचारतोच. म्हणून काढलेली जुनी पट्टी तुटकी असली तरी फेकू नका. रंग निवडताना डॅशबोर्डच्या मागचा, ऊन न लागलेला भाग बघून त्याच्याशी जुळवा. मूळ रंग तोच.

पार्ट परत बसवायला निदान एक दिवस थांबा, घट्ट दाबून पुसायला आठवडाभर. जुन्या प्लास्टिकची स्क्रूची भोके ठिसूळ झालेली असतात. स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात टक् करून बसल्याचे हाताला कळले की मग सुलटा आवळा, तोही मशीनने नव्हे, हाताने.