खेळ कधी आजार होतो?

व्हिडिओ गेमची धास्ती आजची नाही. 'स्पेस इन्व्हेडर्स' हा जपानी खेळ १९७८ साली आला. १९८१ मध्ये ब्रिटिश संसदेत खासदार जॉर्ज फोक्स यांनी अशा खेळांवर नियंत्रण आणणारे विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. ती ९४ विरुद्ध ११४ मतांनी नाकारली गेली.

पुढे १९९५ मध्ये आयव्हन गोल्डबर्ग या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 'इंटरनेटचे व्यसन' नावाचा आजार निव्वळ थट्टेने लिहून काढला. पण तो आपल्याला जडला आहे, असे सांगणारी माणसे पुढे आली!

२०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने गेमिंगचा विकार 'अधिक अभ्यास हवा' अशा यादीत घातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली, आणि तीत हा विकार आला. त्याच्या खुणा तीन: खेळण्यावर ताबा न उरणे, इतर सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे. हे साधारण बारा महिने चालावे आणि शिक्षण, काम, नातेसंबंध यांची घडी विस्कटावी, तेव्हाच निदान होते. तास मोजून नव्हे.

दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळायला बंदी केली. २०२२ च्या आरंभी तो कायदा रद्द झाला. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१४ मध्ये वेगळी वाट धरली; तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास उपचारकेंद्र काढले. या विकारावर हुकमी गोळी नाही. विचार व सवयी बदलण्याची मानसोपचार पद्धती, घरच्यांशी बोलणी, झोपेची घडी आणि आत दडलेल्या नैराश्याचा शोध, हाच उपचार.

मीही आधी बंदीवालाच होतो. भाच्याने शाळा सोडली, तेव्हा मी त्याचा मोबाइल कपाटात कुलूपबंद केला. त्याने दोन दिवस अन्न घेतले नाही. मग आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "किती वेळ खेळतोस?" असे त्यांनी विचारलेच नाही. "खेळात काय मिळते?" एवढेच विचारले. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "मामू, तिथे मी हरलो तरी पुन्हा खेळायला मिळतं. घरी एकदाच नापास झालो, ते अजून संपलं नाही."

आपाने मान खाली घातली. मीही. उपचार त्या दिवशी सुरू झाला, आणि तो एकट्या भाच्याचा नव्हता.