रिंगणातून रंगमंचावर

जबलपूरच्या अधारताल भागात रिछाई नावाची वस्ती आहे. आज ते नाव कारखान्यांमुळे परिचित आहे. परंतु या परिसराला इतिहासही आहे. ज्या तलावावरून अधारताल हे नाव पडले तो राणी दुर्गावतीचा मंत्री अधारसिंह याने बांधविला असे सांगतात. राणीताल राणीचा आणि चेरीताल तिच्या दासीचा. १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना ही गोंड राज्याची राणी धारातीर्थी पडली. त्यानंतर बरोबर चारशे वर्षांनी, १९६४ मध्ये, याच अधारतालला जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाची स्थापना झाली; आणि शहरातील दुसरे, १९५६ मध्ये निघालेले विद्यापीठ तर १९८३ पासून दुर्गावतीच्याच नावाने ओळखले जाते. अशा ठिकाणी विद्यापीठाच्या उत्सवात दहा विद्यार्थी हाती टिपऱ्या घेऊन सैला नाचू लागले म्हणजे पाहणाऱ्याला ते स्वाभाविकच वाटते. वस्तुतः त्या दहा जणांना तेथवर येण्यास बराच काळ लागला.

१९२३ साली नागपूर विद्यापीठ निघाले तेव्हा जबलपूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. मराठी आणि हिंदी मुलूख १९५६ पर्यंत एकाच प्रांतात नांदत होते, आणि महाविद्यालयीन जीवनाच्या चालीरीतीही बऱ्याच अंशी सारख्याच होत्या. त्या काळचे स्नेहसंमेलन म्हणजे वक्तृत्वस्पर्धा, अल्पोपहार, फिशपाँड आणि शेवटी नाटक. नाटकातील नायिकेचे काम बहुधा एखादा गोरागोमटा विद्यार्थीच करी. मुलींची संख्या मुळात थोडी; त्यातून एखादीने गाणे म्हटले तर कौतुक होई, पण नृत्याचे नाव काढण्याची सोय नव्हती. पांढरपेशा घराच्या दृष्टीने नाच म्हणजे तमाशा किंवा कोठी, आणि घरंदाज मुलीने चार लोकांसमोर पाय थिरकविणे म्हणजे घराण्याला बट्टा. लेझीम मात्र शाळेत चाले, कारण ती आखाड्यातून आली होती आणि तिला कसरतीचा परवाना होता.

हा अडसर दूर होण्यास अनेक कारणे घडली. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात मणिपुरी नृत्याचे शिक्षक आणले आणि सुशिक्षित घरांतील मुलींना नृत्यनाट्यात उभे केले. त्याची वार्ता सर्व देशभर गेली. तथापि सामान्य महाविद्यालयापुरते बोलायचे तर खरे काम केले ते समूहनृत्याने. एकटी मुलगी नाचली की प्रेक्षकांची दृष्टी तिच्यावर खिळते आणि दुसऱ्या दिवशी गावात तिची चर्चा होते. दहा जणी एकसारखी लुगडी नेसून, एकमेकींच्या कमरेला हात घालून उभ्या राहिल्या की कोणी एकीचे नाव घेत नाही. शिवाय त्या नाचाला 'लोकनृत्य' हे नवे, भारदस्त नाव मिळालेले असते. बापाची समजूत घालण्यास एवढे पुरेसे होई.

या नावाला राजमान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. १९५३ पासून प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने दिल्लीत लोकनृत्यांचा महोत्सव भरू लागला. १९५४ साली, मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना, तालकटोरा उद्यानात पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव झाला. दिल्लीला जावयाचे तर आपल्या प्रांताचे नृत्य हवे, या विचाराने विद्यापीठे खेड्यांकडे पाहू लागली. जबलपूरला फार दूर पाहावे लागत नव्हते. मंडल्याचा गोंड मुलूख शेजारीच आहे.

त्या मुलखाचे नृत्य पुस्तकात आणणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाला आठवत नाही. व्हेरियर एल्विन यांच्यासमवेत शामराव हिवाळे १९३२ साली मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे राहावयास गेले. दोघांनी मिळून गोंडांची आणि मैकल डोंगरातील लोकांची गाणी जमविली व त्यांचे संग्रह १९३५ आणि १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील पुष्कळशी गाणी नाचता नाचताच म्हटली जाणारी. चमत्कारिक योग असा की, याच वर्षांत त्या भागातील काही सुधारणावादी गोंड पुढारी आपल्या समाजाला करमा सोडण्याचा उपदेश करीत होते. वरिष्ठ जातींच्या पंगतीत बसावयाचे तर स्त्री-पुरुषांनी एकत्र नाचणे बंद केले पाहिजे, असे त्यांना वाटे. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पांढरपेशांच्या नजरेतील तुच्छता त्यांनी अचूक ओळखली होती. पण पुढे थोड्याच वर्षांत त्याच पांढरपेशांची मुले तेच नृत्य शिकून बक्षिसे आणू लागली! खेड्यात ज्याची लाज वाटावयास लावली, त्याचाच विद्यापीठात अभिमान वाटू लागला.

नृत्य मात्र जसेच्या तसे येत नाही. सैला हा सुगीनंतरचा, पुरुषांचा नाच. नाचणारे वर्तुळात उभे राहतात, टिपरीवर टिपरी वाजते. कधी प्रत्येक जण एक पाय उचलून पुढच्याच्या आधाराने तोल सावरतो आणि सगळे रिंगण लंगडत फिरते. एकाचा तोल गेला तर सर्वांचा जातो, आणि मग जे हसू उसळते तेही नाचाचाच भाग होय. करम्यात मांदर वाजविणारे पुरुष एका बाजूस आणि हातांत हात गुंफलेल्या स्त्रियांची रांग दुसऱ्या बाजूस. दोन्हींत प्रेक्षक असा वेगळा नसतोच. जो बसला आहे तो दमला म्हणून बसला आहे, थोड्या वेळाने उठेल.

रंगमंचावर हे चालत नाही. तेथे समोर परीक्षक असतात, आणि वर्तुळ पूर्ण ठेवले तर निम्म्या नर्तकांची पाठ त्यांच्याकडे होते. म्हणून पहिल्याच तालमीत वर्तुळाचा चंद्रकोर होतो. पुढे पडत्या काळानंतर विद्यापीठ-संघाने या महोत्सवांचे पुनरुज्जीवन केले, आणि नियमही पक्के झाले: नर्तक जास्तीत जास्त दहा, साथीदार पाच, वेळ दहा मिनिटे. रात्रभर चालणाऱ्या करम्याच्या हिशेबाने दहा मिनिटांत मांदर जेमतेम तापते. तोल जाणे ही चूक ठरते व तिचे गुण कापले जातात.

कृषी विद्यापीठांच्या महोत्सवातही समूहनृत्याची स्पर्धा असते, आणि तेथे एक गोष्ट विशेष लक्षात येण्यासारखी आहे. सैला नाचणारा विद्यार्थी दिवसा धानाच्या जाती, खतांची मात्रा आणि एकरी उतारा शिकत असतो. ज्या सुगीच्या आनंदात हा नाच निघाला ती सुगी त्याच्या अभ्यासक्रमात आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे सैल्याची टोळी घरोघर जाई आणि घरधनी तिला सुपातून धान घालीत असे. आता पडदा पडला की मुले टिपऱ्या गोळा करून मोजतात, पोषाख भाड्याचे असतील तर घडी करून परत पाठवितात. एवढे झाल्यावर पुष्कळदा वसतिगृहाच्या अंगणात पुन्हा नाच सुरू होतो. तेथे परीक्षक नसतात, घड्याळ नसते. साथीला मांदर नसले तर कोणी बादली वाजवितो, आणि ज्यांची निवड झाली नव्हती तेही त्यात शिरतात.