पावसाळ्यात विमानतळ पुण्याला गेला

आम्हा कवी मंडळींचे पावसाशी जुने लाडाचे नाते आहे. आषाढातला काळा ढग दिसला की आमची लेखणी सरसावते. पण माझे बालपण कोकणात, खाडीकाठी गेले. तिथे पावसाकडे पाहण्याची एक वेगळी नजर मला भेटली. माझे आजोबा तांडेल होते. आगोटीची चाहूल लागली की ते होडी किनाऱ्यावर ओढून घेत, झावळ्यांनी शाकारत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याचे नाव काढत नसत. 'दर्याशी हुज्जत घालायची नसते,' एवढेच ते म्हणत.

आपल्याकडच्या हवाई टपालाचा आरंभीचा इतिहास वाचताना मला आजोबांचे हे बोलणे पुनःपुन्हा आठवले.

१५ ऑक्टोबर १९३२ची सकाळ. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक छोटेसे 'पस मॉथ' विमान उडाले. लंडनहून इंपीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेले टपाल त्यात होते. वजन अवघे पंचवीस किलो. चालक होते जे. आर. डी. टाटा, १९२९ साली भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळवलेले. अहमदाबादला विमान उतरले तेव्हा त्याच्यासाठी पेट्रोलचे डबे आले ते चक्क बैलगाडीतून! दुपारी विमान मुंबईला पोचले. तिथून नेव्हिल व्हिंटसेंट यांनी दुसरे विमान घेतले, बल्लारीला रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले.

ही कहाणी आपण अनेकदा ऐकली आहे. पण तिच्यातला महिना आपण सहसा लक्षात घेत नाही. ऑक्टोबर म्हणजे पाऊस परतलेला, आकाश धुतलेले. खरी परीक्षा पुढे होती. कारण ही फेरी दर आठवड्याची होती, आणि वर्षात सगळेच महिने ऑक्टोबरसारखे नसतात.

विमान कसले होते, तेही पाहा. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेले, आणि एकच इंजिन, सुमारे १२० अश्वशक्तीचे. विमानात रेडिओ नाही, जमिनीवर वाट दाखवणारे कोणतेही साधन नाही. वैमानिकाने खाली पाहायचे आणि रेल्वेचे रूळ, नद्या, किनारा ओळखत जायचे. अशा विमानाला प्रत्येक ऋतू वेगळ्या रीतीने छळतो. थंडीत पहाटे धुके पडते आणि उतरायची जागाच दिसेनाशी होते. उन्हाळ्यात तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचाही जोर घटतो आणि उडण्यासाठी जास्त लांब धावावे लागते. दुपारी जमिनीवरून उठणाऱ्या झळा विमानाला सुपातल्या दाण्यासारख्या पाखडतात.

पण सर्वांत कठीण तो पावसाळा. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग टेकतात आणि डोंगर त्यांच्या पोटात गडप होतो. ढगात शिरलेल्या माणसाला वर कोणते आणि खाली कोणते हेही कळेनासे होते. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाच त्याला फसवते. विमान कलंडलेले असते आणि त्याला वाटत असते की आपण सरळ चाललो आहोत. आणखी एक गंमत म्हणावी, की भय म्हणावे? कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एकदम गार पडते. बाहेरची हवा दमट असेल तर त्या गारव्याने आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा घसा आवळला जातो. बाहेर घाम काढणारा उकाडा आणि इंजिनात बर्फ!

तेव्हा मुंबईत विमानतळ म्हणावा असा नव्हताच. जुहूला समुद्रकाठची एक चिखलवट होती. तिथेच विमाने उतरायची. मोठ्या भरतीला ही धावपट्टी समुद्राच्या पातळीखाली जाई. कचेरी म्हणून एक झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. ती झोपडी माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभी राहिली. झावळ्या त्याच, पाऊसही तोच. फरक एवढाच की आजोबांची होडी नारळी पौर्णिमेपर्यंत थांबू शकत होती. टपाल थांबू शकत नव्हते. सरकारचे अनुदान नव्हते. वेळ चुकली तर कराचीचे लंडनकडे जाणारे विमान निघून जाणार, आणि पत्रे आठवडाभर पडून राहणार.

मग काय केले असेल? पावसाने जुहूत तळे साचले की विमाने, वैमानिक, मेकॅनिक असा तो छोटासा कबिला घाट चढून पुण्याला जाई. येरवडा तुरुंगाच्या अगदी सावलीत एक मैदान वापरायला मिळाले होते. पहिल्या टपाल-उड्डाणाच्या तीनच आठवडे आधी, २४ सप्टेंबर १९३२ला, याच तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या होत्या. त्या भिंतींलगतच्या माळावरून आता देशाची पत्रे उडू लागली.

आणि पत्रे वेळेवर पोचली. सरकारी हवाई वाहतूक खात्याने आपल्या १९३३-३४च्या अहवालात या सेवेच्या पहिल्या वर्षाची नोंद केली आहे: वक्तशीरपणा शंभर टक्के. पश्चिम घाटावरचा प्रवास वादळी पावसाने अधिक धोक्याचा होतो, त्या महिन्यांतही एकदासुद्धा कराचीची गाठ चुकली नाही, असे त्यात मुद्दाम म्हटले आहे.

या यशाला धाडस हे एकच कारण आपण देतो. धाडस तर होतेच. त्यावाचून त्या कापडी विमानात कोण बसणार? पण जुहूच्या चिखलातूनच उडण्याचा हट्ट धरला असता तर एखादे विमान गेले असते, कदाचित एखादा जीवही. हट्ट धरला तो टपालाच्या वेळेचा, जागेचा नाही. कोणता हट्ट सोडायचा हे ज्याला कळते, तोच ऋतूंच्या तडाख्यातून पार होतो.

१९८२ साली, पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी छोट्या 'लेपर्ड मॉथ' विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. तारीख तीच, १५ ऑक्टोबर. म्हणजे पाऊस परतल्यावरची. माझे आजोबा असते तर म्हणाले असते, तांडेल पक्का आहे.