शेवाळाची पट्टी आणि आपला हिरडा

आज इतिहासातल्या दोन रानवस्तू शेजारी शेजारी ठेवून पाहूया. एक आपल्या रानात सहसा न दिसणारं शेवाळ, दुसरा आपल्या ओळखीचा हिरडा.

त्या शेवाळाचं नाव स्फॅग्नम. थंड देशांतल्या दलदलीत ते वाढतं आणि स्वतःच्या वजनाच्या वीस पटीपर्यंत पाणी धरून ठेवतं. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. ब्रिटनमध्ये कापूस स्फोटकांसाठीही लागू लागला, मलमपट्टीला कमी पडला. तेव्हा एडिंबरा शहरातले शल्यचिकित्सक चार्ल्स कॅथकार्ट यांनी जखमेवर हे शेवाळ वापरायचा आग्रह धरला. स्कॉटलंड-आयर्लंडमधल्या बायका आणि मुलं दलदलीत उतरून ते काढत, निवडत, वाळवत, पातळ कापडाच्या पिशव्यांत भरत. १९१८ पर्यंत महिन्याला सुमारे १० लाख पट्ट्या तयार होऊ लागल्या. यातलं बरंचसं काम बिनपगारी होतं. युद्ध संपलं, कापूस पुन्हा मिळू लागला आणि शेवाळाची मागणी बसली.

आता हिरडा. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा, हिवाळ्यात तयार झालेलं मोठं फळ. औषधात तो आहेच, पण त्यातल्या तुरट द्रव्यानं कातडंही कमावतात. इंग्रजांच्या काळात तो बोटी भरून विलायतेला जायचा. तिकडच्या व्यापारात हिरड्याच्या एका प्रतीचं नाव होतं ‘विंगोर्ला’, म्हणजे आपलं वेंगुर्ला. मालाला बंदराचं नाव मिळालं, वेचणारीचं नाही. पुढे कातडं कमावायला क्रोमची रसायनं आली आणि हिरड्याची ती गरज घटली.

दोन्हींत वेचणं, निवडणं, वाळवणं हाताचं. पण किती घ्यायचं, केव्हा थांबायचं, हे ठरवणारे दुसरेच.

मात्र आज एक फरक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर वनवासींची मालकी मानली. २०१३-१४ पासून केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत हिरडाही आहे. हा हक्क वापरायचा, तर व्यापाऱ्याच्या काट्याआधी गटाच्या काट्यावर वजन करूया. कोणाचा किती माल, ते नावासकट वहीत लिहूया. आणि फांद्या न तोडता वेचूया. झाड राहिलं तरच पुढच्या वर्षी भाव विचारायला आपण असू.